नवऱ्याच्या आणि बायकोच्या मेंदूसाठी वेगळा स्वयंपाक करायचा का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी ४७ वर्षांची, नागपूरला मनीषनगरात राहते. मिस्टर ५३ वर्षांचे आहेत, त्यांना शुगरची गोळी चालू आहे आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सुटत नाही. आम्ही शाकाहारी. वर्षभरापासून मला बोलताना शब्द आठवत नाहीत, गॅसवर दूध ठेवून विसरते, रात्री पाय ओढल्यासारखे होतात. यांची चिडचिड वाढली आहे, पायाला मुंग्या येतात. मुलीचं लग्न या हिवाळ्यात आहे. बायकांच्या आणि पुरुषांच्या मेंदूला वेगवेगळा आहार लागतो असं वाचलं. हे खरं आहे का? एका घरात दोन स्वयंपाक कसे जमवायचे?"

ताई, स्वयंपाक एकच करा. फक्त ताटं दोघांची वेगळी वाढा, आणि त्याआधी दोघांच्या रक्ताच्या चाचण्या करून घ्या. माझं उत्तर एवढंच आहे. पण ते असं का, हे कळलं की पुढचं तुम्ही स्वतःच ठरवू शकाल, म्हणून सविस्तर लिहिते.

मेंदू बाईचा असो की पुरुषाचा, वजनाने तो शरीराच्या साधारण २ टक्के असतो आणि नुसतं बसलेलं असतानाही एकूण ऊर्जेतला जवळपास २० टक्के वाटा खातो. त्याला लागणारा मालही दोघांत तोच आहे: ग्लुकोज, लोह, बी-१२, फोलेट, आयोडीन, ओमेगा-३ चरबी, कोलीन, पुरेशी प्रथिनं आणि हे सगळं पोहोचवणाऱ्या मोकळ्या रक्तवाहिन्या. फरक तीन ठिकाणी पडतो. शरीरातून काय बाहेर जातं, शरीर स्वतः काय तयार करू शकतं आणि घरात कुणाच्या ताटात काय पडतं. पहिल्या दोन गोष्टी निसर्गाच्या हातात आहेत. तिसरी आपल्या हातात आहे, आणि माझ्या अनुभवात जास्त नुकसान तीच करते.

तुम्ही जे वाचलं ते बहुधा अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठाच्या पाहणीवरून आलेलं असावं. पुरुषांचं मन साध्यासुध्या जेवणावरही बरं राहतं, जोवर एखादी मोठी कमतरता येत नाही. बायकांना मात्र बरं वाटायला अधिक सकस आणि विविध आहार लागतो, असा तिचा सूर होता. ही पाहणी लोकांनी स्वतः ऑनलाइन भरलेल्या प्रश्नावलीवर बेतलेली होती. त्यातून दिशा कळते, पण त्यावरून कुणाला औषधासारखा आहार लिहून देता येत नाही. याहून वजनदार काम २०२४ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आलं. अमेरिकेतल्या १४ हजारांहून अधिक लोकांवर सुमारे १० वर्षं लक्ष ठेवलं होतं. पालेभाज्या, कडधान्यं, सुकामेवा, बेरीवर्गीय फळं, मासे यांवर भर देणारा 'माइंड' आहार जितका जास्त पाळलेला, तितकी बायकांमध्ये विचारशक्ती खालावण्याची जोखीम कमी दिसली, सुमारे ६ टक्क्यांनी. पुरुषांत असा फरक दिसला नाही. पण याच आहाराची ६०४ ज्येष्ठांवर ३ वर्षं रीतसर चाचणी झाली, तिचे निकाल २०२३ मध्ये आले, आणि त्यात हा आहार घेणारे आणि नेहमीचंच पण थोडं कमी खाणारे यांच्यात म्हणण्यासारखं अंतर निघालं नाही. म्हणून 'मेंदूचा आहार' असं लेबल लावून कुणी महागडं पाकीट विकत असेल तर पैसे वाचवा. कमतरता शोधून ती भरून काढली तर मात्र फायदा डोळ्यांना दिसतो. ते मी रोज पाहते.

आता तुमच्याबद्दल. शब्द न आठवणं, विसरणं आणि रात्री पाय ओढणं हे तिन्ही एकत्र वाचल्यावर माझ्या मनात सगळ्यात आधी लोह आलं.

दर महिन्याच्या पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, आणि त्याबरोबर १५ ते २० मिलीग्रॅम लोह. आकडा छोटा वाटतो. पण आपल्या वरण-भात-भाजी-पोळीतलं लोह शंभर भाग खाल्लं तर पाच ते आठ भागच अंगी लागतं. म्हणजे २० मिलीग्रॅमची भर काढायला महिन्याला अडीचशे मिलीग्रॅमच्या वर लोह जास्तीचं पोटात जायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली म्हणूनच पुरुषाला रोज १९ मिलीग्रॅम आणि पाळी चालू असलेल्या बाईला २९ मिलीग्रॅम लोह सांगितलं. बाईची भूक पुरुषापेक्षा कमी, पोळ्या कमी आणि लोहाची गरज दीडपट. हे गणित नुसत्या ताटाने सुटणं अवघडच असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्क्यांना.

लोह कमी झालं की फक्त दम लागतो असं बहुतेकांना वाटतं. मेंदूत डोपामिन हे निरोप नेणारं रसायन तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतं, चेतातंतूंवरचं आवरण बनायला लोह लागतं. म्हणून लक्ष टिकत नाही, शब्द जिभेवर येऊन अडतात, मन खिन्न राहतं, रात्री पाय स्वस्थ बसत नाहीत. पाय अस्वस्थ होण्याची तक्रार बायकांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळते. आणि हे सगळं हिमोग्लोबिन उतरण्याआधीच सुरू होऊ शकतं, कारण शरीर साठा आधी संपवतं. तो साठा फेरिटिन या चाचणीत कळतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी १८ ते ३५ वयाच्या तरुणींना १६ आठवडे लोह दिलं आणि २००७ साली निकाल मांडला. ज्यांचा साठा भरून निघाला त्यांचं लक्ष, स्मरण आणि शिकण्याचा वेग स्पष्टपणे सुधारला होता. रक्तक्षय नव्हता पण लोह कमी होतं, अशा मुलीही त्यात होत्या.

माझ्याकडे इतवारीतल्या एका दुकानाचा हिशेब सांभाळणाऱ्या बाई आल्या होत्या. वय तुमच्याएवढंच. बिलाची बेरीज तीन-तीनदा करावी लागते, हातचा विसरतो, आता आपल्याला आईसारखा विसरण्याचा आजार होणार, या भीतीने त्यांची झोप उडाली होती. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास आणि फेरिटिन एक आकडी. लोहाची गोळी बरेच महिने चालू होती. कशी घेता विचारलं, तर सकाळी उठल्यावर चहाबरोबर. चहातलं टॅनिन लोहाला आतड्यातच बांधून ठेवतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येतं. आम्ही गोळी तीच ठेवली, वेळ बदलली. चहानंतर दोन तासांनी, अर्ध्या संत्र्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर. दुसरं म्हणजे त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं, कारण पाळी आठ-आठ दिवस चालत होती आणि गर्भाशयात गाठी निघाल्या. नळ उघडा ठेवून टाकी भरत नाही. दिवाळीपर्यंत त्या पुन्हा पहिल्याच फेरीत बेरीज बरोबर करू लागल्या होत्या.

तुमच्या वयात पाळी अनियमित होते, कधी महिना सुटतो आणि पुढच्या महिन्यात फार जाते. "आता वय झालं, असंच असतं" म्हणून ते सोडू नका.

एक महत्त्वाची गोष्ट. तुमचं लोहाचं टॉनिक मिस्टरांना देऊ नका. पुरुषाला दर महिन्याला लोह बाहेर टाकायची वाट नसते, त्याच्याकडे ते साठत जातं. पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं, तर टॉनिकच्या आधी रक्त कुठून जातंय हे शोधायचं असतं: मूळव्याध, पोटातला अल्सर, कधी आतड्यातली गाठ. बाईमध्ये जो आकडा नेहमीचा वाटतो, तोच आकडा पुरुषात धोक्याची खूण असू शकतो.

आता ताटाबद्दल. तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं? बहुतेक घरी उत्तर तुम्हीच असता. वरणातली घट्ट डाळ वरच्या वर वाढली जाते, बाईच्या वाटीला तळाचं पाणी आणि कालची भाकर. भाजी संपली की लोणच्याशी भात. कुणी ठरवून करत नाही, पण वर्षानुवर्षं डाळीची एक वाटी रोज कमी पडली की त्याचा हिशेब मेंदूलाच द्यावा लागतो. माझं सांगणं अगदी साधं आहे: स्वयंपाक झाला की आधी स्वतःची डाळ, भाजी आणि दही एका डब्यात काढून ठेवा, मग पानं वाढा.

उपासाचंही तसंच. सोमवार, चतुर्थी, एकादशी, हरतालिका, नवरात्र. श्रद्धेच्या आड मी कधी येत नाही आणि तुम्हीही उपास सोडू नका. पण उपासाला साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं आणि लोह नावापुरतं. खिचडीत जी काही ताकद असते ती दाण्याच्या कुटाची. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, दूध, रताळं, केळ घ्या. राजगिऱ्यात प्रथिनं चांगली आणि लोहही आहे. अर्धशिशी बायकांत पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळते आणि रिकामं पोट हे तिला चेतवणारं एक नेहमीचं कारण. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी निर्जळी उपास करू नये, हे मी ठामपणे सांगते. तुमच्या मिस्टरांनी उपास करायचा असेल, तर शुगरच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

आता शरीर स्वतः काय बनवू शकतं ते पाहू. इथे बायकांच्या पारड्यात थोडं जास्त आहे, निदान पाळी चालू असेपर्यंत.

मेंदूच्या पेशींच्या आवरणात डीएचए नावाची ओमेगा-३ चरबी भरपूर असते. समुद्रातल्या माशांतून ती थेट मिळते. शाकाहाऱ्यांना तिचं कच्चं रूप मिळतं: जवस, अक्रोड, घोळीची भाजी. हे कच्चं रूप शरीराला डीएचएपर्यंत न्यावं लागतं आणि त्या कामाला इस्ट्रोजेन मदत करतं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २००२ साली छोट्या गटांवर मोजून पाहिलं. तरुण बायकांत जवळपास ९ टक्के रूपांतर डीएचएपर्यंत झालं, तरुण पुरुषांत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे एकाच चटणीतून तरुणपणी तुम्हाला जे मिळालं, ते मिस्टरांना मिळालं नाही. पाळी गेल्यावर तुमचीही ती सवलत कमी होते.

म्हणून जवस खाऊ नये असं नाही. विदर्भ हा जवसाचाच प्रदेश. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून 'एनएल' नावाने जवसाचे वाण निघाले आहेत. जवस मंद आंचेवर, तेल न घालता, तडतडेपर्यंत भाजा. सोबत लसूण, सुकी मिरची, थोडे तीळ, बेताचं मीठ. कुटायचे मात्र नक्की, कारण अख्खे दाणे गुळगुळीत कवचामुळे तसेच पोटातून निघून जातात. आणि एका वेळी आठवड्याचीच चटणी करा. जवसाचं तेल लवकर खवट होतं. वर्षभराची बरणी भरून ठेवली तर तोंडाला येणारा कडवटपणा त्याचाच असतो. दोघांनी रोज दोन चमचे खावी. तुमच्या मिस्टरांनी वर शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचारावं, ती शाकाहारी असते. मासे खाणाऱ्या घरांना मी आठवड्यातून दोनदा मासे सांगते. आपल्याकडच्या तळ्यांतल्या रोहू-कतल्यापेक्षा बांगडा आणि तारलीत डीएचए बरंच जास्त.

अन्न पुरुषाच्या आणि बाईच्या चेतासंस्थेवर वेगळा परिणाम करतं, याचा सगळ्यात कठोर दाखला आपल्याच भागात होऊन गेला. लाखोळीची डाळ. दुष्काळात इतर काही पिकत नसे तेव्हा भंडारा-चंद्रपूरकडच्या गरिबांना महिनोन्‌महिने लाखोळीवरच जगावं लागे. तिच्यातलं ओडॅप हे द्रव्य मेंदूकडून पायांकडे हुकूम नेणाऱ्या चेतापेशी मारतं. पाय ताठ होतात, माणूस कात्रीसारखे पाय टाकत चालतो आणि हे परत भरून येत नाही. भारतात आणि इथिओपियातही दिसलं ते हेच की तरुण पुरुषांना हा आजार जास्त आणि तीव्र होई, मूल होण्याच्या वयातल्या बायकांना कमी आणि सौम्य. तिच्या विक्रीवर १९६१ साली बंदी आली, मग ती उठवावी म्हणून नागपुरातूनच मोठी चळवळ झाली, आणि आता कमी विषाचे वाणही आले आहेत. चारीठाव जेवणात कधीतरी लाखोळीचे वडे झाले तर घाबरू नका. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, आणि रोजची डाळ म्हणून तुरीऐवजी ती कधीच नको. खूप स्वस्त बेसन दिसलं तर त्यात काय दळलंय हे विचारा.

पुन्हा तुमच्याकडे येते, कारण ४७ हे वय महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या घरात आहे. मेंदूला ग्लुकोज वापरायला इस्ट्रोजेन मदत करतं. ते उतरू लागलं की काही काळ मेंदूचा ग्लुकोजचा वापर कमी होतो. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या लिसा मोस्कोनी यांच्या गटाने हे स्कॅनमध्ये दाखवलं आहे. शब्द अडणं, डोकं धुकट वाटणं यात याचाही वाटा असू शकतो, आणि बऱ्याच जणींचं ते एक-दोन वर्षांत निवळतं. म्हणून घाबरू नका.

कोलीन नावाचं एक द्रव्य आहे, स्मरणाशी संबंधित ॲसिटिलकोलीन त्यापासून बनतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात ५७ जणांना मुद्दाम कोलीन फार कमी असलेलं जेवण दिलं तेव्हा पुरुषांपैकी ७७ टक्के आणि पाळी गेलेल्या बायकांपैकी ८० टक्क्यांच्या यकृतावर किंवा स्नायूंवर परिणाम दिसला, पाळी चालू असलेल्यांत मात्र ४४ टक्केच. इथेही तरुण बाईचं शरीर स्वतः भर घालतं आणि नंतर ती सोय जाते. अंडं हा कोलीनचा सोपा साठा. तुम्ही खात नाही, तर सोयाबीन, हरभरा, दाणे, दूध आणि फुलकोबी यांतून घ्या. सोयाबीन आपल्याकडे शेतात मुबलक आणि ताटात फार कमी. भाकरीच्या पिठात भाजलेल्या सोयाबीनचं पीठ चार भागांत एक भाग मिसळा, चव बिघडत नाही.

थायरॉइड एकदा तपासाच. तो मंदावण्याचा त्रास बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी पट जास्त होतो आणि विसरभोळेपणा, सुस्ती, उदासी अशी सगळी सोंगं तो घेतो. मीठ आयोडीनयुक्तच ठेवा. 'नैसर्गिक' म्हणून सैंधव रोजच्या वापरात आणू नका.

आता तुमचे मिस्टर. पायाला मुंग्या आणि चिडचिड, शाकाहार, शुगरची गोळी. ही गोळी बहुधा मेटफॉर्मिन असेल, आणि ती बरीच वर्षं घेतली की बी-१२ चं शोषण कमी करते. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर आणखीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली मध्यमवयीन पुरुषांची पाहणी छापली: खेडं, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग मिळून ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं, आणि सगळ्यात वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गीयांची, ८१ टक्के. खात्यापित्या घरचे हे पुरुष होते. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं, ते रक्तवाहिन्यांना त्रास देतं, आणि पुरुषांत ते मुळात बायकांपेक्षा जास्तच असतं. मुंग्या शुगरच्याही असू शकतात. चाचणी केल्याशिवाय कळणार नाही. पालेभाज्यांत बी-१२ नसतं. दुधात असतं, पण रोजची गरज भागवायला अर्धा लिटर दूध-दही पोटात जावं लागतं. कमतरता निघाली तर गोळ्या किंवा इंजेक्शन घ्या, लाजू नका. नुसतं फोलिक ॲसिड घेत राहू नका. त्याने रक्ताचा अहवाल सुधारल्यासारखा दिसतो आणि आत चेतातंतू खराब होत राहतात.

त्यांच्या मेंदूला खरा धोका रक्तवाहिन्यांकडून आहे. पुरुषाच्या पोटावर चरबी लवकर साठते, रक्तदाब लवकर चढतो, लकवाही तुलनेने कमी वयात येतो. कमरेचा घेर मोजा: पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बाईचा ८० च्या. खर्ऱ्याबद्दल मी कडक बोलते, कारण आमच्या भागात तो भूक मारायचं साधन झाला आहे. सकाळी नाश्त्याऐवजी खर्रा, दुपारी जेवण लांबलं की खर्रा, मग रात्री एकदम भरपेट. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, सुपारी शुगर आणि वजन दोन्हीला वाईट, आणि मधल्या वेळेला जे डाळ-भाजी-फळ पोटात जायचं ते जातच नाही. सोडायला एकट्याच्या मनाचा जोर पुरत नाही. शासकीय दंत महाविद्यालयात आणि बऱ्याच सरकारी दवाखान्यांत त्यासाठी समुपदेशन मिळतं, तिथे जा. दारूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून एकच वाक्य: जेवण टाळून रोज पिणाऱ्या माणसाचं थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपतं, आणि त्याने जाणारी स्मृती बहुतेकदा परत येत नाही.

शुगर हा फक्त त्यांचा प्रश्न समजू नका. २०१६ साली २३ लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा मधुमेहामुळे स्मृतिभ्रंशाची जोखीम दोघांतही सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेली दिसली. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकारात मात्र बायकांची जोखीम पुरुषांपेक्षा आणखी १९ टक्क्यांनी जास्त वाढली होती. तुमची स्वतःची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची चाचणी, शेवटची कधी केली? बहुतेक घरी नवऱ्याची फाइल जाडजूड आणि बायकोची फाइलच नसते. मीठही दोघांसाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. पाळी गेल्यावर बाईचा रक्तदाब मिठाला जास्त चढू लागतो. पापड, लोणचं, शेव यांतलं मीठ त्याच चमच्यात धरायचं. सावजी आणि तर्री बंद करा असं मी नागपुरात कुणाला सांगणार नाही. तर्रीतला चणा घ्या, वरचा तवंग बाजूला सारा, आणि रविवारचं रविवारीच ठेवा.

मुलीचं लग्न आहे, म्हणून तिच्यासाठी वेगळं लिहिते. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून बाळाचा विचार सुरू होईल तेव्हापासून, किमान महिनाभर आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. सोबत तिचं हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड आत्ताच तपासून घ्या. पुण्याच्याच मातांच्या अभ्यासात, गरोदरपणी ज्यांचं बी-१२ फार कमी होतं त्यांची मुलं ९ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. लग्नासाठी बारीक व्हायचं म्हणून ती जेवण सोडत असेल तर तिला हे वाचायला द्या.

पाणी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घटलं तरी लक्ष आणि मनःस्थिती बिघडते. बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका माझ्याकडे डोकेदुखी घेऊन येतात. घरातून निघताना ताक पिऊन निघा, बाटली सोबत ठेवा, आणि घरी सासू-सासरे असतील तर त्यांना तहान लागायची वाट न बघता तासातासाला पाणी द्या.

तर तुमच्या घरचा दिवस असा करा. सकाळचा चहा एकटा, त्याबरोबर गोळ्या नाहीत. नाश्त्याला मटकी घातलेले पोहे किंवा मुगाचं धिरडं, दोघांनाही. दुपारी ज्वारीची भाकर, घट्ट वरण, एक पालेभाजी लिंबू पिळून, जवसाची चटणी आणि दही. तुमच्या ताटात पालेभाजी आणि डाळ दीडपट, त्यांच्या ताटात भात अर्धा आणि दह्याची वाटी मोठी. चार वाजता मूठभर फुटाणे-दाणे आणि हंगामात संत्रं, अख्खं, रस काढून नव्हे. रात्री हलकं आणि आठच्या आत. पीठ, डाळ, फोडणी सगळं एकच.

चाचण्या: तुमच्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, टीएसएच (थायरॉइडची), एचबीए१सी आणि रक्तदाब. त्यांच्यासाठी बी-१२, एचबीए१सी, लिपिड (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), हिमोग्लोबिन आणि रक्तदाब. अहवाल तुमच्या नेहमीच्या फिजिशियनला दाखवा, औषधाचा डोस तेच ठरवतील. लोह सुरू झालं तर तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा करा. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका, साठा भरायला वेळ लागतो.

आणि काही गोष्टींत आहाराची वाट बघायची नसते. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांचे व्यवहार न कळणं, स्वभाव एकदम पालटणं असं काही दिसलं तर सरळ मेंदुविकारतज्ज्ञाकडे जा. तोंड एका बाजूला वाकलं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोहोचा. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. हा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.